तळ्यातला गहू

दर महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी नऊ वाजता आभाळबाबा आभाळात जात, आणि साडेआठपासूनच गोदामापुढच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा उरत नसे. मैदानाच्या मधोमध लोखंडी नळ्यांचं पंधरा फूट उंच मचाण उभं होतं. वर गादी, गादीवर लोड आणि लोडाशेजारी घडी केलेली जाड निळी चादर. खाली उन्हानं लोकांच्या पाठी भाजत होत्या, पण बाबा आले ते लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून.

"वर गारठा फार असतो," पट्टशिष्यानं कर्ण्यावरून खुलासा केला. "मागच्या महिन्यात बाबांना ढगात सर्दी झाली होती. तेव्हा ज्यांना शाली अर्पण करायच्या असतील त्यांनी नव्याच आणाव्यात. वापरलेल्या शालीत उड्डाण जमत नाही."

नव्या शालींचा ढीग शिष्याच्या कमरेपर्यंत आला. मग बाबा शिडी चढले, आडवे झाले, आणि त्यांनी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतली. पाच मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मग चादरीखालून, स्वेटरला लावलेल्या माइकमधून, आवाज घुमला.

"निघालो... झाडं खाली गेली... गोदाम काडेपेटीएवढं दिसतंय..."

"काडेपेटीएवढं!" गर्दीनं तोंडात बोट घातलं. काडेपेटी समोर तशीच भलीमोठी उभी होती, पण तिकडे कोण बघतंय?

गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून एक बाई उभी होती. ती याच गावची. नोकरीला मात्र शहरातल्या पीक अंदाज कार्यालयात. उपग्रहानं टिपलेल्या चित्रांवरून कुठलं शेत किती पिकेल याचा हिशेब मांडायचा आणि कापणीच्या वेळी शेतात दोरी लावून, तेवढाच तुकडा कापून, दाणे तोलून तो हिशेब तपासायचा, हे तिचं काम. फीत आणि तोलकाटा घेऊन बांधाबांधानं हिंडते म्हणून गाव तिला मापवाली म्हणायचं. "दोन दिवस येऊन जा," एवढंच तिचा दादा फोनवर म्हणाला होता, आणि त्याचा आवाज तिला काही बरा वाटला नव्हता.

"ढगांच्या वर पोचलो," बाबा म्हणाले. "इथे दहा राखणदार बसलेत. सहा तापलेत, चार थंड आहेत. शेवटच्या पंधरवड्यात ऊन चढणार. गव्हाचा दाणा बारीक राहणार!"

मापवालीच्या हाताची घडी सुटली. कालच, दहा तारखेला, तिच्या कार्यालयाचं मासिक पत्रक निघालं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं: हंगामाच्या अखेरीस तापमान सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता साठ टक्के.

"आता शेतं बघतो. दूधवाल्याचं शेत... चौदा पॉइंट तीन क्विंटल एकरी. न्हाव्याचं... अकरा पॉइंट आठ."

आभाळातले राखणदार पॉइंटमध्ये बोलतात ही माहिती तिला नवीन होती. आकडे मात्र तिच्या ओळखीचे होते. अगदी पॉइंटासकट.

"आणि यंदा गावात सगळ्यात मोठं पीक," बाबांनी आवाज चढवला, "चेअरमनच्या खालच्या शेतात! एकोणीस पॉइंट सहा!"

टाळ्या वाजायला हव्या होत्या. वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सोसायटीच्या चेअरमनचं खालचं शेत म्हणजे तळं. पंचवीस वर्षांपूर्वी कालवा पाझरून तिथे पाणी साचलं ते साचलंच. जमिनीच्या उताऱ्यावर तेवढं अजून शेत होतं, कारण त्या शेताच्या नावानं दरवर्षी सवलतीचं बियाणं उचलायला चेअरमनना बरं पडायचं.

"बाबा, तिथे पाणी आहे," मागून कुणीतरी भीतभीत म्हणालं.

चादर जरा हलली. "पाण्यावर काय आहे ते तुम्ही बघता," बाबा गंभीरपणे म्हणाले. "पाण्याखाली काय आहे ते मी बघतो."

मग काय विचारता! दूधवाल्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं की, गव्हाला पाणी लागतंच, त्याला भरपूर मिळालं तर तो भरपूर येणार, यात न समजण्यासारखं काय आहे? चेअरमननी जागच्या जागी हुकूम सोडला, "आजपासून तळ्यावर गुरं सोडायची नाहीत. पीक तुडवतील."

मापवालीला हसू यायला हवं होतं. पण ती टाचा उंचावून गर्दीत दादाला शोधत होती, कारण बाबा आता तिच्या दादाच्या शेतावर पोचले होते.

"थांबा... या शेताच्या मधोमध पिवळा डाग आहे. वाळलेला, सुपाच्या आकाराचा. ही सावली आहे! बाहेरून या घरात आलेल्या बाईची सावली! कापणीआधी तिनं घर सोडावं. पुढच्या अकरा तारखेला मी पुन्हा बघीन. सावली तिथेच असली तर अख्खं शेत जळेल, आणि मग शेजाऱ्यांच्या शेतांचीही हमी मी देत नाही."

शेजाऱ्यांच्या शेतांचं नाव निघालं तशा दीडशे माना एका बाईकडे वळल्या. ती मापवालीची वहिनी होती. तिनं पदर सारखा केला, मान खाली घातली नाही, आणि हातातली पिशवी सावरून घराची वाट धरली.

घरी आल्यावर दादा ओसरीवर बसला तो उठेचना. आत वहिनीनं पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढून काढली होती.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"काय चालायचंय? माझी सावली पिशवीत मावेना म्हणून ट्रंक काढली," वहिनी म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मागच्या महिन्यात मी त्यांना विचारलं होतं, बाबा, ढगातून जाताना तुमचा स्वेटर भिजत कसा नाही? सगळे हसले. तेव्हाच मला वाटलं होतं, हे मला महागात पडणार."

मापवाली तरातरा ओसरीवर आली. "दादा, तो माणूस माझं पत्रक वाचतो. ते आकडे माझे आहेत."

"तुझे?" दादानं मान वर केली. "तुझं पत्रक काल निघालं. ते सोसायटीच्या फळ्यावर लागतं, आणि फळा कपाटामागे आहे. बाबांनी वाचलं कधी?"

"मोबाइलवर. कुणालाही मिळतं ते."

"आणि समजा, नाही वाचलं. तरी तुझे आकडे त्यांना जसेच्या तसे कळले. मग तर ते अंतर्ज्ञानीच झाले की!"

मापवालीनं कपाळाला हात लावला.

"गेली दोन वर्षं त्यांचं खरं ठरलं," दादा हळू आवाजात म्हणाला. "तुझं एक तरी पत्रक मला समजलं का सांग. सदर हंगामातील अपेक्षित उत्पादकतेचा संभाव्य आढावा! कोणी वाचायचं ते? आणि उद्या शेजाऱ्यांची शेतं खरंच जळली तर गाव मला बांधावर उभं करील का?"

हे तिला लागलं, कारण खरं होतं. दादा दुष्ट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला माणूस आपल्या बायकोची ट्रंक भरली जाताना ओसरीवर बसून राहू शकतो, हे तिनं त्या दिवशी बघितलं आणि तिला त्याचा मनस्वी राग आला.

तिनं लॅपटॉप उघडला. पत्रकासोबतच्या नकाशात दादाच्या शेतात पिवळा डाग होता, सुपाच्या आकाराचा. तो तिच्याच कॉम्प्युटरनं रंगवलेला. तिनं कामाचा म्हणून काढलेला ठिपका वहिनीच्या गळ्याचा फास झाला होता. मग तिनं चेअरमनचं खालचं शेत शोधलं. गडद हिरवं. एकोणीस पॉइंट सहा.

ती तशीच उठून तळ्यावर गेली. तळं काठोकाठ जलपर्णीनं भरलं होतं. पाणी टाचणीएवढंही दिसत नव्हतं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हिरवं पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड परत वर फेकतं. पान जितकं दाट आणि टवटवीत, तितका उजेड जास्त. उपग्रह तो मोजतो. पान गव्हाचं की जलपर्णीचं, हे बघण्यासाठी माणसानं जागेवर जायचं असतं. ती गेली नव्हती. उताऱ्यावर शेत म्हटलंय ना, मग शेत, असं धरून तिनं खाली सही ठोकली होती. ज्या तळ्यात ती लहानपणी पोहायला शिकली, त्याच तळ्यात तिनं एकरी एकोणीस पॉइंट सहा क्विंटल गहू पिकवला होता!

लाजेनं तिचे कान तापले. पण त्याच वेळी तिला हेही कळलं की, बाबा आता तिच्या हातात सापडले. खरी गोष्ट दहाजणांना दहा वाटांनी कळू शकते. ही चूक मात्र जगात एकाच ठिकाणी जन्माला आली होती, तिच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी शहरात परतून तिनं कार्यालयातल्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आपलं पत्रक वाचणारा एक तरी माणूस निघाला!"

"साहेब, तो भोंदू आहे."

"असेल. पण नियमित वाचतो."

"त्यात माझी चूक आहे साहेब. तळ्याला मी शेत धरलं. पुढच्या पत्रकात तसं लिहायला हवं."

साहेबांचा चेहरा पुन्हा मावळला. "आपण चुकलो असं छापायचं? मग लोक आपल्यावर विश्वास ठेवतील का?"

"आत्ता कुठे ठेवतायत?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. महिनाभरानं पत्रक निघालं तेव्हा त्यात दुरुस्ती होती, आणि खाली तिची सही. शिवाय या वेळी तिनं त्याच्या दोन आवृत्त्या केल्या. एक साहेबांच्या भाषेत, दुसरी माणसांच्या. दुसरीच्या दोनशे छापील प्रती घेऊन ती दहा तारखेला गावात उतरली. ट्रंक दाराशी उभी होती. दादानं दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं.

अकरा तारखेला बाबा स्वेटर चढवून वर गेले. चादर अंगावर आली. आणि खाली वहिनी गर्दीत शिरून एकेकाच्या हातात कागद द्यायला लागली. "घ्या, फुकट आहे. शाल लागत नाही."

"निघालो..." बाबा म्हणाले. "झाडं खाली गेली... ढगांच्या वर पोचलो. दहा राखणदार बसलेत..."

दूधवाल्यानं कागदावरची पहिली ओळ बोटानं वाचली. शेवटचे दिवस नेहमीपेक्षा गरम असण्याची शक्यता दहात सात. तो अभावितपणे मोठ्यांदा म्हणाला, "मग सात तापलेले असणार."

"...सात तापलेत," कर्णा घुमला, "तीन थंड आहेत."

मैदानात कुजबुज झाली. लोकांनी कागद डोळ्यांजवळ घेतले.

"आता शेतं बघतो. दूधवाल्याचं..."

"तेरा पॉइंट नऊ," पाचपन्नासजण एकदम म्हणाले.

"...तेरा पॉइंट नऊ," बाबा म्हणाले, आणि जरा थांबले. चादरीखालून त्यांना नीट ऐकू येत नसावं. "न्हाव्याचं..."

"अकरा पॉइंट पाच!" आता सगळं मैदान वाचत होतं. शाळेत पाढे म्हणताना असायचा तसा सूर लागला होता. बाबांनी घाईघाईनं मधली नावं सोडून यादीत खाली उडी मारली, गावही त्यांच्याबरोबर खाली उतरलं. बाबा परत वर आले, गावही वर आलं. पट्टशिष्य शिडीखाली उभा राहून हातवारे करत होता, पण चादरीतून हातवारे दिसत नाहीत. त्याची भंबेरी बघून लहान पोरंसुद्धा खिदळायला लागली.

"चेअरमनचं खालचं शेत," बाबा घामाघूम आवाजात म्हणाले. "तिथला गहू... पाप्यांची नजर लागून... अदृश्य झालेला आहे!"

मापवालीनं कागद वर धरला आणि शांतपणे मोठ्यांदा वाचलं, "खालचं शेत हे शेत नसून तळं आहे. त्यावर जलपर्णी आहे. मागच्या पत्रकात मी न बघता ते शेत धरलं. चूक माझी आहे." मग ती लोकांकडे वळली. "तळ्यात गहू बाबांना दिसला नव्हता. मला दिसला होता, टेबलाशी बसून. मी चुकले म्हणून ते चुकले. मी दुरुस्त केलं, त्यांचा गहू नाहीसा झाला. आभाळात जाऊन बघणाऱ्याला माझी चूक कशी दिसली?"

कुणी काही बोलायच्या आत वहिनी शिडी चढायला लागली. शिष्य ओरडला, "बाईमाणूस! बाबांचा आत्मा बाहेर आहे! चादर काढली तर परत शरीरात शिरायचा नाही!"

"शिरेल," वहिनी वरून म्हणाली. "स्वेटर घालून गेलाय, गारठणार नाही." आणि तिनं चादर ओढली.

बाबा कुशीवर पडले होते. कानटोपी कपाळावर, नाकावर वाचायचा चष्मा, हातमोज्याची दोन बोटं कापलेली आणि हातात मोबाइल. मोबाइलवर पीक अंदाज कार्यालयाचं पत्रक.

"हा... हा दिव्य आरसा आहे!" बाबा उठून बसत म्हणाले.

वहिनीनं आरसा हातात घेऊन निरखला. "आरशाची बॅटरी बारा टक्के राहिलीये," तिनं गावाला कळवलं.

मैदान असं हसलं की, गोदामावरची कबुतरं उडाली. पण बाबा मुरलेले होते. त्यांनी शेवटचा बाण काढला. "आकड्यांचं सोडा! पण त्या शेतातला डाग? कागदावरही आहे ना डाग? सावली खोटी आहे का?"

हसू ओसरलं. कागदावर डाग होता. दादाचा चेहरा पुन्हा उतरला.

"डाग खरा आहे," मापवाली म्हणाली. तिनं पिशवीतून दोन मोठी चित्रं काढून दादाच्या हातात दिली. "हे यंदाचं. आणि हे चौदा वर्षांपूर्वीचं, उपग्रहांची जुनी चित्रं जपून ठेवलेली असतात. डाग बघ. तीच जागा, तोच सुपाचा आकार. वहिनी या घरात कधी आली दादा?"

दादानं बोटं मोजली नाहीत, गरज नव्हती. "नऊ वर्षं झाली."

"मग पाच वर्षं आधी तिची सावली एकटीच आली होती का?"

"येऊ शकते," दूधवाला सवयीनं म्हणाला. पण त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की, तो कागद वाचण्यात गढून गेला.

दादानं घरून कुदळ घेतली आणि तो शेताकडे चालायला लागला. गाव त्याच्यामागे गेलं. शेताच्या मधोमध, जिथे गहू गुडघ्याइतकाही वाढला नव्हता, तिथे त्यानं कुदळ मारली. दुसऱ्या घावाला खणकन आवाज झाला. मातीतून भाजलेल्या विटेचा तुकडा निघाला. मग दुसरा. मग काळी राख.

"वीटभट्टी," दादा खाली बसत म्हणाला. "आजोबांची. मी लहान असताना मोडली ती. मी इथे खेळलोय." त्यानं विटेचा तुकडा हातात धरला आणि मान वर करून बायकोकडे बघितलं. "मला माहीत होतं गं. मला माहीत होतं, आणि मी आठवूनसुद्धा बघितलं नाही."

वहिनी लगेच विरघळली नाही. "ट्रंक जड आहे," ती म्हणाली. "तुम्ही उचलून आत ठेवा. तिकीटही तुम्हीच परत करा, आणि खिडकीवरचा माणूस का म्हणून विचारील तेव्हा खरं ते सांगा."

गाव मैदानात परतलं तोवर बाबा, शिष्य आणि कर्णा पसार झाले होते. शाली घेऊन पळणं जमलं नव्हतं. त्या तशाच ढिगानं पडल्या होत्या. मग चेअरमन पुढे झाले, त्यातली सगळ्यात भारी शाल त्यांनी उचलली आणि मापवालीपुढे धरली.

"ताई, आजपासून तुम्हीच वर जा."

मागून चारपाचजणांनी हातही जोडले. मापवालीला दरदरून घाम फुटला.

"मी कुठेही जात नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "मला हात जोडू नका. मी तळ्यात गहू पिकवलेली बाई आहे. माझा अंदाज म्हणजे अंदाज. उपग्रह पानं बघतो, मी हिशेब करते, आणि दोघं मिळून चुकू शकतो. म्हणून तर कापणीला तोलकाटा घेऊन येते. बाबांचं खरं ठरलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, चुकलं तेव्हाही माना डोलावल्या. एकदा तरी विचारायचं होतं, कशावरून? वहिनीनं विचारलं, तर तिची ट्रंक भरली. आता ज्याला त्याला विचारा. बाबांना विचारा, साहेबांना विचारा, मला विचारा. ज्याच्याकडे सांगण्यासारखं असेल तो सांगेल. ज्याच्याकडे नसेल तो चादर ओढून घेईल."

कापणीला मापवाली दादाच्या शेतात आली. दोरी लावली, चौकोन कापला, झोडला, दाणे पोत्यात भरून काट्याला लावले. पत्रकातला अंदाज बारा पॉइंट सहाचा होता. तिनं काटा वाचला, वहीत हिशेब केला आणि खुशीत म्हणाली, "बारा पॉइंट चार! बघ वहिनी, जवळपास बरोबर."

वहिनी बांधावरून उठली, पदर खोचला आणि काट्यासमोर येऊन उभी राहिली.

"कशावरून?" ती म्हणाली. "पुन्हा तोला. या वेळी मी बघते."

मापवालीनं पोतं उतरवलं आणि पुन्हा काट्याला लावलं.